वीतभर खड्डा

आयर्लंडमध्ये लिक्सलिपला मी लेकीकडे, सानिकाकडे, तीन महिन्यांसाठी म्हणून गेले होते. ते २०२० सालच्या फेब्रुवारीत. पुढे विमानं बंद झाली आणि माझा मुक्काम वीस महिन्यांवर गेला. त्या दिवसांत जी माणसं मला जवळून कळली, त्यांत शेजारची सुनेत्रा पहिली.

ती नागपूरची. वय चव्वेचाळीस. सुपरमार्केटमध्ये पावाच्या काउंटरवर पहाटेची पाळी करायची आणि दुपारी एकला परत यायची, तेव्हा तिच्या केसांना ताज्या पावाचा वास असायचा. रिकाम्या पिशव्यांच्या ती त्रिकोणी घड्या करून ठेवी. कुणाकडे काही मागताना आधी दोन मिनिटं हवापाण्याचं बोले आणि मग मुद्द्यावर येई.

नवरा मोहन, चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार त्याला चार वर्षांपासून होता. आधी पाय गेले. हात शाबूत होते, म्हणून चाकाची खुर्ची तो स्वतः चालवायचा. मागची मूठ कुणी धरलेली त्याला खपत नसे. "मी काय भाजीची गाडी आहे?" म्हणायचा. हात अजून वर्षभर साथ देतील, फार तर दीड वर्ष, असं डॉक्टरांनी सुनेत्राला सांगितलं होतं. त्याला ते न विचारताच माहीत होतं.

त्यांच्या घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे वसाहतीची मोकळी हिरवळ. हिरवळीच्या मध्यभागी चेस्टनटचं मोठं झाड. टाळेबंदीत लांब जायची बंदी होती, तेव्हा ते झाड म्हणजे सगळ्यांची बैठकीची खोली झालं. लोक आपापला चहाचा कप घेऊन अंतर ठेवून उभे राहायचे आणि तासभर गप्पा मारायचे. मोहन रस्ता ओलांडून गवताच्या काठापर्यंत जायचा. पुढे गवतात चाकं रुतायची. तिथली माती बारा महिने ओली. काठापासून झाडापर्यंत माझी तीस पावलं, तेवढीच त्याला जमत नव्हती.

एकदा दोन शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून झाडापाशी नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो हसला, थोडा वेळ बसला. घरी आल्यावर सुनेत्राला म्हणाला, "गणपतीसारखं वाजतगाजत नेलं मला. विसर्जन तेवढं राहिलं." त्यानंतर तो काठापर्यंतही जाईना. खिडकीत बसायचा.

दोन घरं सोडून राहणारी नोरीन पोस्टातून निवृत्त झाली होती. काहीही ठीक असलं की ती तिथल्या पद्धतीने 'ग्रँड' म्हणे. तिने सुचवलं, कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, दरवर्षी वस्तीतल्या कामांना निधी देतं, मग तीस पावलांच्या पक्क्या वाटेला का नाही देणार? फक्त त्यासाठी पात्र ठरलं पाहिजे.

पात्र ठरणं हे एका माणसाचं काम नव्हतं. एकट्यादुकट्याला निधी नाही. रीतसर मंडळ हवं, त्याला नाव, नियम, तीन पदाधिकारी, सभेचं इतिवृत्त आणि मंडळाच्या नावाचं बँकखातं. नोरीन अध्यक्ष झाली, सुनेत्रा चिटणीस, तिसरं कुणी मिळेना म्हणून सानिका. सभा कॉम्प्युटरवर झाली. बँकेने कागद तीनदा परत पाठवले, कारण सुनेत्राच्या पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव होतं आणि विजेच्या बिलावर नव्हतं. जानेवारीत अर्ज केलेलं खातं एप्रिलअखेर उघडलं. त्या काळात ती पाळीवरून आली की कोट न काढताच फोनला बसायची. एकदा अर्धा तास फोन धरून ठेवल्यावर लाइन कटली, तर म्हणाली, "जाऊ द्या नं काकू, त्या वाट पाहायच्या गाण्याची चाल तरी पाठ झाली."

कौन्सिलची जागेची परवानगीही आली. अर्जाची मुदत मेअखेर होती.

चौदा मेला अक्षय्य तृतीया होती. मुहूर्त साधावा, असं मीच सुचवलं. नारळ शेजारच्या सेल्ब्रिज गावातल्या दुकानातून आणला. कुदळ नव्हती, नोरीनच्या शेडमधलं फावडं होतं. मोहन कित्येक महिन्यांनी गवताच्या काठाशी आला. खुर्चीत बसूनच त्याने फावडं दोन्ही हातांनी धरलं आणि तीनदा जमिनीत मारलं. वीतभर खड्डा झाला. त्यात सुनेत्राने हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. नोरीनने विचारलं, "आता प्रार्थना म्हणायची का?" मोहन म्हणाला, "आता पेढा खायचा." सानिकाने फोटो काढला. फावडं धरलेला मोहन त्यात खूप चांगला आला होता.

अर्ज भरायला सुनेत्रा माझ्याकडे आली. नोरीनने शेवटच्या पानावर आधीच सही करून ठेवली होती. एक प्रश्न होता: काम सुरू झालं आहे का?

"काय लिहू, काकू?"

मी शिकवायचे त्या शाळेला नवा वर्ग हवा होता, तेव्हा गावाने आधी जोत्यापर्यंत बांधकाम केलं होतं. ते बघून जिल्हा परिषदेने उरलेले पैसे दिले. हातावर हात ठेवून बसणाऱ्याला कुणी देत नाही, हे मी तीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते. मी म्हटलं, "हो लिही. आणि तो फोटोही जोड."

तिने 'हो'वर ठसठशीत खूण केली.

ऑगस्टमध्ये कौन्सिलचं पत्र आलं. मंजुरीआधी सुरू झालेल्या कामाला निधी देता येत नाही, नियमावलीचं अकरावं पान पाहावं. नियमावली तिच्या फाइलमध्येच होती. आम्ही दोघींनी ती वाचली होती. तेवढं वाक्य आमच्या डोळ्यांखालून गेलं, पण ते आपल्याला लागू आहे असं वाटलंच नाही.

सुनेत्राने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. बोलणारा माणूस सज्जन होता.

"ते काम नव्हतं," ती म्हणाली. "ती पूजा होती. जमिनीची परवानगी घेतो आम्ही."

"मला कळतंय. तुमचा फोटो आमच्या ऑफिसात सगळ्यांना आवडला. पण फोटोत फावडं आहे आणि अर्जात तुम्ही हो म्हटलंय."

"फक्त वीतभर खड्डा आहे."

"मला खरंच वाईट वाटतं. पुढच्या मेमध्ये पुन्हा अर्ज करा. जागा मात्र पहिल्यासारखी असायला हवी."

तो भांडला असता तर बरं झालं असतं, तिला काहीतरी बोलता आलं असतं. तिने आभार मानले आणि फोन ठेवला. मी म्हटलं, "चूक माझी आहे, सुनेत्रा." ती म्हणाली, "खूण तर माझ्या हाताची आहे नं," आणि चहा ठेवायला उठली. नोरीनला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सही करताना मी पानं उलटली असती तर."

मोहनला सांगायला सुनेत्राने दोन दिवस लावले. तो म्हणाला, "म्हणजे माझं तीन फावडी काम कौन्सिलने काम म्हणून धरलं. कारखान्यात एवढा मान नाही मिळाला."

सप्टेंबरपासून त्याला कप दोन्ही हातांनी धरावा लागू लागला. ऑक्टोबरात दारातला छोटा उतार त्याला एकट्याने चढवेना. सुनेत्राने मागची मूठ धरली. तो काही बोलला नाही. भाजीच्या गाडीचंही नाही.

माझ्या परतीच्या विमानाला चार दिवस होते, तेव्हा ती छोटं खुरपं आणि बादलीभर माती घेऊन आली. "येता का, काकू? ओली आहे तोवर बसेल."

आम्ही गवताच्या काठाशी गेलो. खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि नारळाच्या शेंडीचे दोन धागे त्यावर तरंगत होते. तिने ते काढून रुमालात ठेवले. पाणी उपसलं, माती भरली, घरामागून आणलेला गवताचा तुकडा वर बसवला. मोहन खिडकीतून बघत होता. त्याने काचेवर बोट टेकवून डावीकडे खूण केली. तिने तुकडा डावीकडे सरकवला. त्याने अजून थोडं, म्हणून सांगितलं. तिने सरकवला आणि पायाने दाबला.

"पुढच्या मेमध्ये मंजूर झालं, तरी वाट व्हायला उन्हाळा जाईल," ती म्हणाली. तोवर त्याच्या हातांचं काय, हे ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

मी तिच्या फोनवर नव्या अर्जासाठी जागेचा फोटो काढला. तिने तो दोन बोटांनी मोठा केला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला.

"ग्रँड," ती नोरीनसारखं म्हणाली. "काहीच केलेलं दिसत नाही."