कुलच्यांच्या तंदुरावरची टॉमी

माझी मोटार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे आणि तिची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. इंग्लंडहून आलेली, गोल पाठीची. लखनऊच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या रस्त्यावर ती निघाली की लोक आधी तिला सलाम करतात, मग आत कोण आहे ते बघतात. तिच्या हत्यारांची कापडी गुंडाळी मात्र मला रिकामी मिळाली. बारा कप्पे, आणि माहितीपुस्तकात बारा हत्यारांची चित्रं.

दोन वर्षं मी नक्खासच्या जुन्या बाजारात उकिडवा बसून ही हत्यारं शोधली. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर, प्लगचा पाना, इंची मापाचे पाने, ग्रीसची पिचकारी. सगळं त्याच काळातलं हवं आणि त्यावर त्याच कारखान्याचा अंडाकृती ठसा हवा. अकरा जमली. राहिली टॉमी, म्हणजे रिमवरून टायर उचकटायची चपटी लोखंडी पट्टी. जुन्या मोटारींचं प्रदर्शन रविवारवर आलं होतं. परीक्षक गुंडाळी उघडून कप्पे मोजतात, आणि मी बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगून बसलो होतो की यंदा संच पूर्ण.

गुरुवारी सकाळी जुन्या शहरातल्या चौक भागात नाश्त्याला गेलो. तंदुरासमोर बसलेले चचा एका काळ्या पट्टीने भिंतीला चिकटलेले कुलचे अलगद सोडवत होते. पट्टीच्या कमरेवर काहीतरी अंडाकृती दिसलं आणि माझा घास हातातच राहिला.

"चचा, ज़रा दिखाइए."

त्यांनी फडक्याने पुसून दिली. ठसा तोच. मी नाचायचाच बाकी होतो.

"ये तो मेरी गाड़ी की है. कितने में देंगे?"

चचांनी छातीवर हात ठेवला. "शर्मिंदा मत कीजिए, हुज़ूर. आप ही की है."

मी सांगलीचा. आमच्याकडे माणूस 'घे' म्हणाला की घ्यायची असते. मी त्यांचे तीनदा आभार मानले, त्यांना मिठी मारली आणि टॉमी पिशवीत टाकून निघालो. चचांचा चेहरा जरा विचित्र झाला होता. मला वाटलं, गहिवरले.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिचा जन्म इथलाच, तिचे वडील चारबागला रेल्वेत होते. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"अहो, तुम्ही खरंच उचलून आणलीत?"

"आप ही की है म्हणाले ना."

"लखनऊत त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. बाबांच्या घड्याळाचं कुणी कौतुक केलं की बाबाही हेच म्हणायचे. घड्याळ शेवटपर्यंत त्यांच्याच मनगटावर होतं."

"मग त्यांनी मला थांबवलं का नाही?"

"थांबवणार कसे? एकदा दिली म्हणाले. आता ते तंदुरातून कुलचे कशाने काढणार, पकडीने?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर ते खरोखर पकडीनेच काढत होते. तिसरा कुलचा निखाऱ्यात पडत होता आणि रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. मी टॉमी पुढे केली.

"चचा, ग़लती हो गई. ये आपकी है."

"दी हुई चीज़ वापस लेंगे हम? आपकी है."

"नहीं चचा, आपकी."

"आपकी, जनाब."

तंदुरातून धूर यायला लागला. रांगेतले एक भरदार गृहस्थ पुढे आले, माझ्या हातातून टॉमी घेतली आणि चचांच्या मुठीत कोंबली. "आप दोनों की है. लेकिन जो जल रहा है वो कुलचा मेरा है."

चचांनी मनगट दोनदा हलवलं आणि तीन कुलचे अखंड बाहेर आले. माझी टॉमी गेली हे मला तेव्हाच कळलं. तिचं टोक झिजून झिजून त्या तंदुराच्या पोटाला बरोबर बसलं होतं. तरीही मी तिथेच उभा राहून त्यांना सगळं सांगितलं: बारा कप्पे, दोन वर्षं, रविवार.

चचा कणीक थापत ऐकत होते. "साहब लोग कितने बजे देखेंगे?"

"दस बजे."

"हमारा काम साढ़े नौ पर ख़त्म. ले जाइए. शाम तक लौटा दीजिएगा." मग माझ्याकडे तिरकं बघून म्हणाले, "इस बार साफ़ कह रहे हैं, लौटा दीजिएगा."

रविवारी त्यांनी टॉमी कुलच्यांच्या पुडक्यातच गुंडाळून दिली. परीक्षक पांढरी टोपी घातलेले, एकही शब्द वाया न घालवणारे गृहस्थ होते. एकेक हत्यार काढून ठसा बघायचे आणि परत ठेवायचे. बाराव्या कप्प्याशी त्यांचा हात थबकला.

"ये गर्म क्यों है?"

"सर, सुबह से ड्यूटी पर थी."

त्यांनी ती नाकाशी नेली. अंगठ्याने काजळी पुसली, पिठाचा थर खरवडला, ठसा वाचला. बायको शेजारी उभी राहून माझा चेहरा मिटक्या मारत बघत होती.

"बाक़ी ग्यारह तो रिटायर हैं," ते म्हणाले आणि कागदावर बारापैकी बारा लिहून सही केली. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कुलचे बचे हैं?"