जळकोटच्या लग्नातला हुकलेला फोटो

मृत्युंजयच्या उजव्या मनगटाला प्लास्टर चढलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि जळकोटचं लग्न दुसऱ्या दिवशी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर होतं. वळणावर सांडलेल्या गिट्टीवरून त्याची मोटारसायकल घसरली होती. थोडक्यात वाचला म्हणून घरच्यांनी देवाला हात जोडले, पण खाटेवर पडलेल्या मृत्युंजयच्या तोंडात एकच होतं, "उद्या कोण जाईल?"

मुखेडच्या बसस्टँडमागे त्याचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. त्याची बायको अंजू त्याच्या उशाशी बसून फोन लावत होती. उदगीर, अहमदपूर, देगलूर, चाकूर. लग्नाची तीथ दाट होती, कॅमेरा धरणारा एक माणूस मोकळा नव्हता. व्हिडिओवाला भुजंग तेवढा आधीपासून ठरलेला होता. तो म्हणाला, "वैनी, मी व्हिडिओ बघू का फोटो बघू? दोन्हीला हात घातला तर दोन्ही जाईल."

अकराव्या फोननंतर अंजूनं मोबाईल मांडीवर ठेवला. "मी जाऊ का?" ती म्हणाली.

मृत्युंजय हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

अंजू मूळची चाकूरची. बी.कॉम. झाली, लग्न होऊन मुखेडला आली आणि आठ वर्षं स्टुडिओच्या आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून लग्नांचे अल्बम करत राहिली. गावातली माणसं तिला पडद्यावरून ओळखीची होती. कुणाच्या गालावर चामखीळ आहे, कोण फोटोत हमखास डोळे मिटतं, कोणत्या सासूला सुनेपेक्षा उजळ दिसायचं असतं, सगळं तिला ठाऊक होतं. नवऱ्याच्या चुकाही ठाऊक होत्या. कुठं हात हलला, कुठं फोकस नवरी सोडून मागच्या झालरीवर बसला, हे तिला एका नजरेत कळायचं. पण कॅमेरा हातात यायचा तो पासपोर्ट फोटोपुरता. गिऱ्हाईक स्टुलावर, मागं निळा पडदा, आणि हलू नका म्हटलं की माणूस हलत नाही. लग्नात सगळंच हलतं.

"जास्त बटणं दाबू नको," मृत्युंजय सांगत होता आणि ती वहीत लिहून घेत होती. "चेहऱ्यावर फोकस. दोन बॅटऱ्या चार्ज कर, तिसरी पर्समधी ठेव. आन् मुहूर्ताला स्टेजच्या डाव्या अंगाला उभी राहा. तिथून मंगळसूत्र दिसतं. बाकी काही चुकलं तर चालतंय अंजू, ते चुकू देऊ नको."

ते वाक्य तिनं लिहिलं नाही. ते लिहायची गरज नव्हती.

सकाळी भुजंगच्या गाडीत बसून ती जळकोटला पोचली तेव्हा मंगल कार्यालयाच्या दारात नवरीचे वडील संगमेश्वरअप्पा उभे होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर कोरा टॉवेल, गावात भुसारचं दुकान असलेला मातब्बर माणूस. त्यांनी भुजंगकडं पाहिलं, मग गाडीत मागं पाहिलं.

"मृत्युंजय कुठायत?"

अंजूनं सांगितलं. हात मोडल्याचं ऐकून त्यांना वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं. मग पुढचं कळलं, तेही तोंडावर दिसलं.

"म्हंजे फोटो तुम्ही काढणार?"

"हाव, अप्पा."

"ह्याच्या आधी किती लग्नं केलीत?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. "अल्बम लई केलेत," ती म्हणाली. "उभं राहून पहिलंच."

अप्पांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिच्यासमोरच एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. कालचीच नावं. अंजू गळ्यात कॅमेरा घालून तिथंच उभी राहिली. आत जावं तर परवानगी नाही, बाहेर जावं तर कुठं जाणार? येणारे पाहुणे तिच्याकडं बघत आत जात होते. पलीकडून प्रत्येक वेळी नकार येत होता, आणि प्रत्येक नकाराला तिला एकाच वेळी हायसंही वाटत होतं आणि भीतीही वाटत होती.

शेवटी अप्पांनी मोबाईल खिशात टाकला. "एकुलती एक लेक हाय, ताई," एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले.

आत सुरगीची तयारी चालली होती. चार कोपऱ्यांना चार तांबे मांडतात, त्यांना सूत गुंडाळतात आणि मधल्या पाटावर नवरीला बसवून बायका न्हाऊ घालतात. पुरुष फोटोग्राफरला तिथं दारातूनच दोन फोटो काढून मागं फिरावं लागतं. मृत्युंजयच्या प्रत्येक अल्बममध्ये सुरगीचे दोनच फोटो असायचे, दोन्ही पाठीकडून. अंजूला कुणी अडवलं नाही. नवरीची आई जगदेवी उलट म्हणाली, "ये गं, हितं सुताच्या आत पाय टाकू नको, बास."

नवरी शिवगंगा पाटावर आखडून बसली होती. आईनं डोक्यावरून पहिला तांब्या ओतला आणि पाण्याच्या गारव्यानं ती जी दचकून हसली, तिच्याबरोबर सगळ्या बायका हसल्या. अंजू फोटो काढत सुटली. दहा मिनिटं तिला स्वतःची आठवण राहिली नाही.

मग तिनं मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. सगळे फोटो हललेले. तोंडाच्या जागी धूर, हाताच्या जागी रेघा. चाळीस फोटोंत एकही धड नाही.

पण असले फोटो तिनं आठ वर्षांत शेकड्यांनी पाहिले होते आणि रोग तिला माहीत होता. अंगणावर ताडपत्री, उजेड कमी, कॅमेरा आतलं झाकण, शटर, फार वेळ उघडं ठेवून राहिलाय. झाकण लवकर मिटवायचं तर फोटोत ठिपक्यांसारखे दाणे येणार. येऊ देत. दाणे कॉम्प्युटरवर काढता येतात, हललेलं तोंड सरळ करता येत नाही. तिनं कॅमेऱ्यावरचे आकडे बदलले. जगदेवी शेवटचा तांब्या भरत होती. अंजूच्या हाती सहा फोटो लागले. सहाच, पण स्वच्छ.

बाराला ती स्टेजच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. सव्वाबारापर्यंत ती जागा तिची होती. मग नवरदेवाचे मित्र आले. मग मामा, मावसभाऊ, त्यांची पोरं, सगळ्यांच्या हातात मोबाईल. अंजू एक पाऊल मागं सरली, मग आणखी एक. "जरा सरका ना," ती म्हणाली. बँड आणि मंगलाष्टकांच्या गजरात ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. परक्या पुरुषांच्या पाठींना हात लावून त्यांना हटवायचं तिला सुचलंच नाही. शेवटच्या अक्षता पडल्या, लग्न लावणाऱ्या स्वामींनी खूण केली, नवरदेवानं मंगळसूत्र उचललं. अंजूनं टाचा उंचावून, कॅमेरा डोक्यावर धरून बटण दाबलं, दाबतच राहिली.

गर्दी पांगल्यावर तिनं पाहिलं. नऊ फोटो होते. नवांच्या नवांत एक वर केलेला हात आणि त्यातला मोबाईल. मंगळसूत्र त्या मोबाईलच्या पडद्यावर बोटभर दिसत होतं.

ती स्टेजच्या कडेला टेकली.

असं झालं की काय करतात ते तिला माहीत होतं. नवरदेवाला म्हणायचं, दादा, जरा परत हात लावा. तो नवरीच्या मानेमागं बोटं धरतो, फोटो निघतो, कुणाला कळत नाही. अंजूला मात्र अल्बम करताना कळायचं, कारण मागं अक्षता टाकणारी गर्दी तोवर पांगलेली असे. तेच करावं म्हणून ती उठली आणि शिवगंगाजवळ जाऊन हळूच म्हणाली, "बाई, तो फोटो आला न्हाई माझ्याकडनं. परत एकदा हात लावून काढू का?"

शिवगंगा काही बोलायच्या आत नवरदेवाच्या आईनं ऐकलं. "गाठ एकदाच बांधायची असती. फोटोपायी काय दोनदा लगीन लावायचं?"

आवाज चढला तसे संगमेश्वरअप्पा आले. काय झालं ते त्यांनी ऐकलं. ओरडले असते तर अंजूनं सोसलं असतं. ते चार माणसांत शांतपणे म्हणाले, "सकाळीच मला वाटलं होतं," आणि पाहुण्यांना पंगतीला बसवायला निघून गेले.

उरलेलं लग्न अंजूनं कसं काढलं ते तिला आजही नीट सांगता येत नाही. भुजंगनं गाडीत धीर दिला, व्हिडिओत बाजूनं का होईना मंगळसूत्र आलंय म्हणाला. गाडी मुखेडला पोचली. मृत्युंजयला तिनं दारातच सांगितलं. तो म्हणाला, "माझंबी पहिल्या वर्षात दोनदा झालतं. मी कुणाला सांगितलं न्हाई."

"मी सांगून आले," अंजू म्हणाली.

अल्बम तिनंच केला. मुहूर्ताच्या पानावर व्हिडिओतून उचललेलं चित्र लहान करून लावलं. ते अंधुक होतं आणि मोठं केलं की त्याचे चौकोन पडायचे. महिन्यानं अप्पा आणि जगदेवी अल्बम बघायला आले. अप्पा पानं उलटत होते आणि अंजू काउंटरमागं हाताची बोटं मोडत उभी होती. त्या पानावर ते थांबले. "ही चूकच हाय," ते म्हणाले.

"हाव, अप्पा. चूकच हाय."

जगदेवीनं मात्र अल्बम आपल्याकडं ओढला आणि सुरगीच्या पानावर बोट ठेवलं. "ह्याच्यातला एक मला मोठा करून दे."

पुढचे काही महिने अंजूला एकच भीती खात होती: आपण स्टुडिओचं नाव घालवलं. जळकोटकडचं एक लग्न दुसऱ्याकडं गेलं, तेव्हा तिनं ठरवूनच टाकलं की ते आपल्यामुळंच. मृत्युंजयच्या हाताचं प्लास्टर सुटलं, तो पुन्हा लग्नांना जाऊ लागला आणि अंजू आतल्या खोलीत परतली. तिथं गार होतं, सुरक्षित होतं. आणि आता तिथं तिला बसवत नव्हतं. नवऱ्यानं आणलेले फोटो बघताना तिला वाटायचं, हा इथं उभा का राहिला, दोन पावलं आत गेला असता तर?

एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "मला गर्दीत घुसायला शिकायचंय."

"ते मी काय शिकवू?" मृत्युंजय म्हणाला. "बाजारात जा."

त्यानं चेष्टेत म्हटलं असेल. पण अंजू खरंच आठवडी बाजाराला कॅमेरा घेऊन गेली. पहिल्या आठवड्यात तिनं कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात काढला तर एक मिरचीवाली म्हातारी, नागाबाई, खेकसली, "काय काढून राहिली गं? कोणत्या हापिसातनं आलीस? आमाला उठवायला आलीस का?"

"शिकायला आले, मावशी," अंजू म्हणाली आणि जळकोटचं सगळं सांगून बसली.

नागाबाई मिरच्या निवडत ऐकत होती. "सरका ना म्हणलीस? ना कशाला लावलास? ना म्हणलं की माणूस इचार करतो. माझ्या ढिगावर म्हशी येत्यात, त्यांला मी ना म्हणती का?" तिनं उठून अंजूच्या कमरेवर तळहात ठेवला आणि असा काही रेटा दिला की अंजू दोन पावलं बाजूला गेली. "आसं. रागवायचं न्हाई, थांबायचंबी न्हाई."

अंजू तीन महिने बाजारात जात राहिली. कापडवाल्याच्या भोवतालच्या घोळक्यात शिरून कापड फाडणारा हात टिपायचा, एसटीत चढणाऱ्या झुंबडीतून एकच चेहरा स्वच्छ आणायचा. घरी येऊन ती सगळे फोटो मोठे करून बघायची आणि बहुतेक पुसून टाकायची.

मग शिवगंगाचा फोन आला. सातवा महिना होता, ओटी भरायची होती. "तुम्हीच या," ती म्हणाली. "आईला तुम्हीच पायजेत." अंजू गेली. संगमेश्वरअप्पांनी दारात तिला पाणी विचारलं, मृत्युंजयच्या हाताची चौकशी केली. मागचा विषय त्यांनी काढला नाही, तिनंही काढला नाही.

त्यानंतर बायकांचे कार्यक्रम तिच्याकडं येऊ लागले. बारसं, ओटी, हळद. लग्नाला ती आणि मृत्युंजय दोघं जाऊ लागले, पण मुहूर्त त्याचाच असायचा. ह्या वैशाखात चाकूरला, तिच्या माहेरच्या गावात लग्न होतं. मृत्युंजयचं मनगट आदल्या दिवसापासून ठणकत होतं. तो म्हणाला, "डाव्या अंगाला तू उभी राहा."

मुहूर्ताला ती स्टेजच्या डाव्या अंगाला उभी राहिली. स्टेजवर पोरांचा लोंढा आला तसा तिनं पुढच्याच्या पाठीवर तळहात ठेवला. "सरक," ती म्हणाली. तो वळून बघायच्या आत ती पुढं होती. दुसऱ्याला कोपरानं बाजूला केलं. एकाचा मोबाईल समोर आला, तो तिनं हातानं खाली दाबला. "मामी, वो मामी," तो कुरकुरला. तिनं ऐकलं नाही. मंगळसूत्र उचललं गेलं, नवरीनं मान खाली घातली, गाठ बसली.

"आला का?" पंगतीत बसल्यावर मृत्युंजयनं विचारलं.

"आलाय असं वाटतंय."

"बघितलास ना?"

"चारदा बघितला."

पुढच्या पत्रावळीवर भात वाढला होता. तिनं घाईघाईनं दोन घास घेतले. शेजारची बाई म्हणाली, "सावकाश जेव गं, माहेरच हाय तुजं." अंजू मान डोलावून हसली, पण तिचं लक्ष मांडीवरच्या कॅमेऱ्याकडंच होतं.

घरी आल्या आल्या तिनं कॉम्प्युटर लावला. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, नवरीच्या पापण्या वेगवेगळ्या दिसेपर्यंत. फोकस बरोबर बसला होता. मृत्युंजय मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला इतका जवळून कधीच मिळाला न्हाई."

अंजूनं कॅमेऱ्याच्या कार्डाची एक कॉपी केली, मग दुसऱ्या डिस्कवर आणखी एक केली. दोन्ही उघडून पाहिल्या. परवा अजून एक लग्न होतं आणि त्यासाठी कार्ड मोकळं करायला हवं होतं, पण ते पुसायचं बटण तिच्यानं दाबवेना. तिनं मृत्युंजयला बाजारातून नवं कार्ड आणायला सांगितलं.