मशीनचा बुधवार

कांद्याच्या गोदामात तिला सगळे 'मशीन' म्हणायचे. नाव मुकादमानं पाडलेलं, पण त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. समोर कांद्यांची गोणी ओतली की तिचे दोन्ही हात आपापले सुटायचे. डावा उचलायचा, उजवा सुटलेलं साल ओढायचा, आणि मोठा, मध्यम, बारीक, सडका अशा चार पाट्यांत कांदे न बघता जाऊन पडायचे. बाकीच्या बायका दोन गोण्या संपवीपर्यंत हिच्या तीन व्हायच्या. गुलाबी सालं पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उन्हात तरंगत राहायची, केसांत अडकायची. घरी मुलीच्या वहीच्या पानांतसुद्धा एखादं निघायचं.

आठवड्याचे सहा दिवस हे असं. सातव्या दिवशी नदीवर धुणं, मग बाजार, मग सरपण. नवरा सायकलला अवजारांची पिशवी अडकवून गावोगाव पाण्याचे पंप दुरुस्त करत फिरायचा, मुलगी शाळेत जायची, आणि दिवसभर घरात असायची ती एकटी सासू. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं जग खाटेपासून उंबऱ्यापर्यंत उरलं होतं.

मग सरकारनं घरातल्या बाईच्या खात्यात थेट पैसे टाकायला सुरुवात केली. महिन्यातून एकदा तिचा फोन टुणकन वाजायचा. रक्कम फार नव्हती, तिच्या चार दिवसांच्या मजुरीएवढी. पण पहिल्या महिन्यात सासूच्या खोकल्याचं औषध पुरतं आलं. एरवी अर्धी बाटली आणून 'बघू पुढे' म्हणायचे. दुसऱ्या महिन्यात मुलीला बूट आणि नवऱ्याच्या सायकलला मागचा टायर आला. तिसऱ्या महिन्यात तेलाचा डबा काठोकाठ भरला, आणि त्या आठवड्यात घरात कुणी कुणावर खेकसलं नाही. डबा पुसताना तिच्या ते लक्षात आलं, आणि उगाचच तिनं तो पुन्हा एकदा पुसला.

अशातच एका बुधवारी कांद्याचा ट्रक आलाच नाही. मुकादमानं बायकांना दुपारीच घरी पिटाळलं. ती दारात आली आणि थबकली. क्षणभर तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरतोय.

तेरा वर्षं त्या घरात काढून तिनं ते भर दुपारी असं पाहिलंच नव्हतं. एकदा तापानं घरी पडली होती खरी, पण तेव्हा डोळे मिटलेले होते. आता खोली अर्धी अंधारी, अर्धी सोनेरी दिसत होती. कौलातल्या भोकातून एक कवडसा खाली उतरून हंड्यावर टेकला होता, आणि हंड्यातलं पाणी छतावर हलत होतं. आतून कुणीतरी गात होतं. बारीक, घोगऱ्या, पण सुरेल आवाजात. गाणं तिची चाहूल लागताच थांबलं.

"कोण ते?" सासू खाटेवर उठून बसली. "तू? काय झालं? काढून टाकलं की काय?"

"ट्रक नाही आला, आई."

"हं," सासू म्हणाली. गाताना पकडली गेल्यासारखी तिनं पदर उगाच सारखा केला.

ती उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली. आता उठू, भांडी घासू, असं म्हणता म्हणता तिचा डोळा लागला. आणि कित्येक वर्षांनी तिला स्वप्न पडलं. घरात घोट्याएवढं स्वच्छ पाणी साचलंय, त्यावर ताटं, वाट्या, पाट्या हळूहळू तरंगत चालल्यात, आणि ती मध्ये उभी राहून नुसती बघतेय. गोळा करायला वाकत नाही. एक वाटी तिच्या पायाला लागून पुढे निघून जाते.

जागी झाली तेव्हा डोक्याखाली उशी होती. दुखऱ्या गुडघ्यांनी सासू उंबऱ्यापर्यंत आली होती तर!

"किती वेळ झोपले मी?"

"तो हंड्यावरून उतरला आणि फळीवर चढला, तेवढा वेळ." सासूनं हनुवटीनं कवडशाकडे खूण केली. "मग अंथरुणांवर जातो. मग दारातून बाहेर. त्याचं असं ठरलेलं आहे."

चौथ्या महिन्याचे पैसे आले, तेव्हा ती मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"यापुढे बुधवारी मी येणार नाही."

"दुसरीकडे धरलंस का काम?"

"नाही."

"आजारी आहेस?"

"मी आजारी दिसते का?"

मुकादमानं डोकं खाजवलं. "मशीन एक दिवस बंद ठेवायची म्हणजे..." मजुरी रोजची होती, आली तर मिळायची. अडवणार तरी कशावर?

घरी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याचा घास हातातच राहिला.

"बुधवारी काय करणार तू?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. महिन्यात चार बुधवार येतात. तेवढे पैसे फोनवर येतात."

त्याच्या कपाळावरची आठी दोन दिवस हलली नाही. एवढ्या पैशांत काय काय झालं असतं, हे तो मनातल्या मनात मोजत असणार, हे तिला कळत होतं. तिचंही ते मोजून झालं होतं. मोजूनच ठरवलं होतं.

खरी पंचाईत सासूची झाली. पहिले दोन बुधवार ती फुगून बसली. शेवटी म्हणाली, "तू असलीस की मला गाता येत नाही. लाज वाटते."

"मी झोपते ना. झोपलेल्या माणसाची कसली लाज?"

"झोपतेस की नाटक करतेस, कुणाला माहीत!"

ती नाटकच करायची, सुरुवातीला. मग गाणं ऐकता ऐकता खरोखर झोप लागायची, आणि गाणं स्वप्नात उतरायचं. एकदा कांद्याच्या सालांचा थवा गोदामातून उडून नदीवर गेला. एकदा तिची मुलगी म्हातारी झालेली दिसली, आणि ती म्हातारी तिला कडेवर घेऊन बाजारातून फिरत होती. गुरुवारी गोदामात बायका विचारायच्या, "मशीन, काल काय दिसलं गं?" ती सांगायची. हात चालू, तोंड चालू. मुकादमही जवळ येऊन गोण्या शिवायचं निमित्त काढायचा.

पुढच्या महिन्यात नवरा छपराकडे बघून म्हणाला, "आता ते भोक बुजवून टाकू. एक कौल आणतो."

"बुजव की," सासू म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

त्या बुधवारी गाणं झालं नाही. सासू अंथरुणांच्या घडीवर बसलेल्या कवडशाकडे बघत राहिली. निघालेल्या गाडीतल्या माणसाकडे बघावं, तसं. दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना सून स्वतःच कौलांच्या दुकानात गेली आणि काचेचं एक कौल घेऊन आली. साध्या तीन कौलांची किंमत त्या एकाला पडली.

"काचेचं?" नवरा म्हणाला. "कशाला?"

"आईंना दिसायला."

त्यानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि शिडी आणली.

कौल बसलं. कवडसा आता टॉवेलाएवढा झाला. सासूनं आठवडाभर कुरकुर केली. "फारच ऐसपैस झालाय मेला. एका वेळी हंड्यावरही बसतो आणि फळीवरही. वेळ काय समजायची माणसानं?" पण गाणं परत आलं. सून जागी असतानाही.

मग एका महिन्यात फोन वाजला नाही. बँकेतला माणूस म्हणाला, "यायचे तेव्हा येतील, बाई." बुधवार आला. तिनं डोक्याला रुमाल बांधला, डबा घेतला.

नवरा अंगणात सायकलला हवा भरत होता. "कुठे?"

"पैसे आले नाहीत ना."

त्यानं हवेच्या पंपाचा दांडा चारदा दाबला. मान वर न करता म्हणाला, "मी आज पलीकडच्या दोन गावांना जाऊन येतो. तिथले दोन पंप केव्हाचे पडून आहेत. तू थांब."

"अहो, पण..."

"आईला सवय झालीय तुझी. आणि मी जेवायला इकडेच येईन. उशीर होईल जरा."

"मी झोपलेली असले तर?"

"मग नाही उठवणार."

ती थांबली. दुपारी स्वप्नात एक संथ नाव चालली होती, आणि नावेत कुणीतरी अगदी बेतानं जेवत होतं. वाटीला चमचा लागू नये म्हणून धडपडत होतं. मध्येच तो माणूस हळूच खोकला, आणि नाव थोडी हलली.

ती उठली तेव्हा अंगणात सायकल नव्हती. सासू कुशीवर वळून झोपली होती. मोरीजवळ एक ताट घासून पालथं घातलेलं होतं. तेरा वर्षांत पहिल्यांदाच. कडेला तेलकट राहिलं होतं. तिनं ते बोटानं चाचपलं, होतं तसंच ठेवलं, आणि मुलीची शाळा सुटायला अजून वेळ आहे असं बघून परत आडवी झाली.

पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांचे पैसे एकदम आले.