वकीलसाहेबांचा मेणा

आमचे वकीलसाहेब कोर्टात बोलायला उभे राहिले की त्यांचा आवाज बाहेर लिंबाखाली बसलेल्या पक्षकारांना ऐकू जाई. हाच माणूस फटफटीवर बसला की इतका हळू चाले की रिकामी बैलगाडी त्याला मागे टाकून जाई. निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. नांदेडात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि ज्याच्याकडे असे तो ती उडवत नेण्यातच भूषण मानी. वकीलसाहेब मात्र रस्त्यातल्या कोंबड्यांनाही बाजूला व्हायला पुरेसा वेळ देत.

त्यांच्या फटफटीला डाव्या अंगाला एका चाकाची साइडकार जोडलेली होती. तिच्यात त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, बसत. म्हणून गावानं तिचं नाव 'मेणा' ठेवलं होतं. बायकोला असं शेजारी बसवून भर पेठेतून न्यायचं, म्हणजे लोकांना आठवडाभर चघळायला विषय. ते वकीलसाहेबांच्या कानावर जाई. "बोलू द्या की. बोलण्यावर समन्स निघत न्हाई," असं म्हणून ते मेण्याची काच आणखी लख्ख पुसत.

माझी त्यांची ओळख माझ्या फटफटीच्या खोडसाळपणामुळे झाली. मी मूळचा लातूरचा, नांदेडच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलेलो. हौसेला मोल नसतं म्हणतात तसं करून एक जुनी फटफटी घेतली आणि ती नेमकी कोर्टासमोर बंद पडली. मी लाथा मारून घामाघूम. तेवढ्यात काळ्या कोटातले वकीलसाहेब बाहेर आले, खाली वाकले आणि माझ्याकडे एखाद्या आरोपीकडे पाहावं तसं पाहिलं.

"मास्तर, पोरान्ला बी असंच मारता काय? प्लग पुसला कधी?"

मी प्लग कधी बाहेर काढलाच नव्हता. त्यांनी कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला, प्लगवरची काजळी खरवडली आणि पेट्रोलची नळी फुंकून साफ केली. गाडी सुरू झाली. हात पुसता पुसता म्हणाले, "शुक्रवारी सकाळी या. आम्ही चौघंपाचजण जातो. फक्त एक अट हाय. आपली गाडी आपण पुसायची. नोकराला सांगितलेलं चालत न्हाई."

त्या मंडळाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. तेव्हा कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची. करोडगिरी म्हणजे जकात खात्यातले खाँसाहेब, जिनिंगचे मालक शेटजी, वकीलसाहेब आणि मी, एवढे तर असायचेच. महायुद्धाच्या लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळे. आठवडाभर सगळे पायी हिंडत आणि सगळं पेट्रोल शुक्रवारसाठी राखून ठेवत. पहाटे निघायचं, मुदखेडच्या वाटेवर एका मोठ्या चिंचेखाली थांबून वहिनींच्या डब्यातल्या धपाट्यांवर तुटून पडायचं, आणि खाँसाहेबांची जुम्म्याची नमाज चुकायच्या आत घरी. बस एवढाच आमचा पराक्रम.

परतल्यावर मात्र सुटका नसे. वकीलसाहेबांच्या अंगणात सगळ्या फटफट्या ओळीनं उभ्या राहत. साखळी पुसा, तेलाचे थेंब सोडा, चाकांच्या तारांतली माती काढा. पेट्रोल भरायचं तर ते वहिनींच्या जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यातून गाळून. आम्हाला भूक लागलेली असे, पण ते म्हणत, "शेतावरून आल्यावर माझा बाप आधी बैलाला पाणी दाखवायचा, मग सोता तांब्याला हात लावायचा. तुम्ही साले बैलाहून मोठे झाले काय?" मग शेटजींसारखा गादीवर लोळणारा माणूसही मुकाट्यानं चाकापाशी उकिडवा बसे.

एका गोष्टीवर मात्र आमची नेहमी कुरबूर असायची. वकीलसाहेबांचा दंडक होता की मेणा सगळ्यांच्या पुढं चालणार. सर्वांत हळू गाडी पुढं आणि तरणीबांड यंत्रं तिच्यामागं रांगत! त्यात तो कच्चा रस्ता. घरी येईपर्यंत आमच्या भुवयासुद्धा मातीच्या झालेल्या असत. शेवटी एकदा शेटजींचा संयम सुटला आणि ते भर्रकन मेण्याला मागं टाकून गेले. धुळीचा लोट उठला. तो विरला तेव्हा वकीलसाहेबांनी गाडी थांबवली होती आणि आपलं उपरणं वहिनींच्या तोंडावर धरून ते उभे होते. वहिनी खोकत होत्या. तो खोकला थांबता थांबेना. आम्ही सगळे गाड्या बंद करून उभे राहिलो, आणि तो खोकला कसला आहे ते तिथं प्रत्येकाला कळलं. क्षयाला तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा द्या, एवढंच डॉक्टर सांगत. शेटजी मान खाली घालून परत आले. त्या दिवसानंतर आमच्यापैकी कुणीही धुळीचं नाव काढलं नाही.

वहिनी चाकूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. बोलणं कमी, पण डोळ्यांत सदा मिश्कील हसू. आम्हा सगळ्यांच्या फटफट्या त्या आवाजावरून ओळखत. माझी आली की म्हणत, "आली बघा मास्तराची शेळी." उन्हाळा सरेपर्यंत त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. पण शुक्रवार त्यांनी चुकवला नाही.

अशाच एका शुक्रवारी परत आल्यावर वकीलसाहेब वहिनींना आत घेऊन गेले होते. मी माझी गाडी पुसून मोकळा झालो आणि उत्साहानं मेणाही पुसायला घेतला. बैठकीची गादी उचलली, तर खाली जुन्या गोधडीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेले गोदावरीतले गोटे. मला हसूच आलं. वकीलसाहेब बाहेर येताच मी ओरडलो, "अहो, मेण्यात वहिनी बसतात की बांधकामाचा माल नेता?"

ते धावत आले. माझ्या हातातली गादी घेऊन पुन्हा जागेवर ठेवली. मग इतक्या हळू बोलले की त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"ओरडू नका मास्तर. ओढ्यापाशी डावीकडं वळण हाय न्हाई का, तिथं मेण्याचं चाक उचलून राहिलं होतं. मेण्यात वजन कमी पडलं का उचलतं. पहिलं कधी उचललं न्हाई. मागं तिनं इचारलं मला, आज चाक वर का उठलं म्हून. मी म्हटलं, रस्ता खराब झाला." त्यांनी गादी दाबून बसवली. "तिला काट्यावर उभी करायची गरज न्हाई मला. हँडलच सांगतं. गाडी हलकी लागली का मी एक गोटा वाढवतो. तिला कळायला नको, आपण किती उतरलो ते."

कोर्टात भल्याभल्यांना गप्प बसवणारा हा माणूस, आणि त्याला बायकोपासून लपवायला सापडले ते नदीतले गोटे. मी फडकं उचललं आणि मेण्याचं चाक पुसायला बसलो.

पुढे पाऊसकाळ संपल्यावर आम्ही पुन्हा निघालो, तो वहिनींचा शेवटचा शुक्रवार ठरला. चिंचेखाली खाँसाहेबांची साखळी निसटली म्हणून सगळे तिकडे वाकले होते. वहिनी मेण्यातच बसून होत्या. खाली उतरायची ताकद राहिली नव्हती. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

"भावजी," त्या म्हणाल्या, "माझी जागा लई उंच झाली का हो?"

मी तांब्या त्यांच्या हातात दिला.

"मी शेतकऱ्याची लेक हाय. रिकामी गाडी उतारावर नाचू नाही म्हून माझा बाप बी तिच्यात दगडं टाकायचा." मिश्कील हसू तेवढं शिल्लक होतं. "दर खेपेला मी जराशी वर येऊन राहिले. मला कळत न्हाई व्हय? पर त्यायला सांगू नका. मला ठाऊक न्हाई असं त्यायला वाटतं, येवढ्यावरच त्यायचा जीव टिकून हाय."

मी मान डोलावून "हाव" म्हणालो. तेवढ्यात वकीलसाहेब हात पुसत आले आणि आभाळ कसं स्वच्छ आहे ते मोठ्यानं सांगू लागले. वहिनी नवीच गोष्ट ऐकावी तशा ऐकत राहिल्या.

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. गोदावरीच्या काठावर आम्ही सगळे होतो. वकीलसाहेब रडले नाहीत. खाँसाहेब मात्र लहान मुलासारखे रडत होते. त्यानंतर कित्येक शुक्रवार कुणीच निघालं नाही. माझी गाडी कोपऱ्यात धूळ खात पडली. वकीलसाहेबांनी आपली मात्र अंगणात चालू केल्याचा आवाज दर शुक्रवारी माझ्या घरापर्यंत येई. थोडा वेळ ती तशीच उभ्या जागी फुटफुटत राही आणि मग बंद होई.

थंडी सरता सरता ते एका सकाळी माझ्या दारात आले. "काढा शेळी बाहेर," एवढंच म्हणाले. शेटजी आणि खाँसाहेबही आले. सवयीनं आम्ही मेण्याला पुढची जागा सोडून थांबलो. वकीलसाहेब जागचे हलले नाहीत.

"जावा पुढं," ते म्हणाले. "आता धूळ खायला मी एकटाच हाय."

ओढ्याच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. आम्ही उडवलेल्या मातीतून रिकामा मेणा येत होता. चाक जमिनीवरच होतं. वहिनींची सगळी जागा आता गोट्यांनी भरून काढलेली असणार.

चिंचेखाली कुणी डबा सोडला नाही, कारण कुणी आणलाच नव्हता. वकीलसाहेब माझ्याशेजारी येऊन बसले. भुवया, मिशा, सगळं मातीनं भरलेलं. ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही तिच्याशी बोलायचे. तिला कळलं न्हाई ना हो? गोट्याचं?"

"न्हाई," मी म्हणालो.

"शपथेवर सांगता?"

"शपथेवर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही, मी चिंचेच्या मुळाशी पाहत राहिलो. जन्मभर साक्षीदारांची उलटतपासणी घेतलेला माणूस होता तो, पण त्यानं मला दुसरा प्रश्न विचारला नाही. "मग ठीक हाय," म्हणाले, आणि उठून मेण्याची काच पुसायला लागले.