अशोकरावांच्या कानातलं

देवासच्या कारखान्यात, प्रेस शॉपच्या धडधडाटात अशोकरावांचे कान हळूहळू कामातून गेले. पण ते कबूल करतील तर शपथ! बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं. अशात शहाण्णव साली त्यांच्या मुलानं, शुभंकरनं, हौसेनं वॉकमन आणला आणि चार दिवसांत टाकून दिला. अशोकरावांनी तो उचलून हेडफोन कानांवर चढवला, आणि त्यांची मोठीच सोय झाली.

आता कंपनीच्या बसमध्ये हाकेला ओ दिली नाही तरी कुणी वाईट वाटून घेईना. लोक खांद्यावर थाप मारायचे आणि आपणहून ओरडून बोलायचे. कॅसेट बहुधा बंदच असायची. मान मात्र हे तालात डोलवायचे. बसभर शौकीन म्हणून नाव झालं.

पत्नी प्रेमलाबाई काय ते समजून होत्या. घरात त्या आवाज चढवून बोलत. संध्याकाळी मीठा तालाब या गावातल्या तळ्यावर फिरायला गेलं की गप्प. कानाचं यंत्र घ्या, असं त्यांनी कितीदा तरी सुचवलं. ते घालून चारचौघांत हिंडायचं म्हणजे बहिरेपणाची दवंडी पिटायची, असं म्हणून अशोकराव विषय उडवून लावत.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग दोन हजार सात-आठच्या सुमारास ज्याच्या त्याच्या कानात ब्लूटूथ दिसू लागलं. भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे हवेशी बोलत हिंडू लागले. अशोकरावांनी हे नीट पाहून घेतलं आणि एक दिवस गुपचूप इंदूरला जाऊन यंत्र बसवून आले.

त्या संध्याकाळी तालाबवर कचोरीवाल्यानं स्वतःच्या कानातलं ब्लूटूथ सावरत विचारलं, "भिया, भोत छोटा है. किधर से लिया?"

"इंदौर से," अशोकराव ऐटीत म्हणाले. इतक्या वर्षांची धास्ती एका क्षणात उतरली. त्या आनंदात त्यांनी आणखी एक कचोरी घेतली.

बाकावर बसल्यावर प्रेमलाबाईंनी अगदी हळू विचारलं, "अहो, खरंच येतंय ऐकू?"

त्यांनी होकार दिला.

"बाहेर तुमच्याशी बोलायचंच सोडलं होतं मी. घरातलं सगळं गावाला ओरडून कसं सांगायचं?"

अशोकराव ओशाळले. आपली लाज झाकता झाकता हिचं बोलणं बंद केलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. प्रेमलाबाई मात्र पदरानं डोळे टिपून जवळ सरकल्या आणि कुजबुजत बोलू लागल्या. शेजारच्या बाकावर कुणाला अक्षर कळलं नाही. अंधार पडेपर्यंत त्या बोलत राहिल्या, आणि अशोकरावांनी मध्ये एकदाही "काय?" म्हटलं नाही.