पाच फुटांचं जोतं

घर बांधायला कागद लागतो कशाला, असं मी गावभर सांगत फिरायचो. गवंडी येतो, जमिनीवर फक्कीने रेघा मारतो, ही पडवी, हे माजघर म्हणतो, नारळ फुटतो आणि काम सुरू. मुंबईतली नोकरी संपवून हातखंब्याजवळच्या आमच्या गावात मी घर बांधायला घेतलं, ते असंच.

परवानगीसाठी नकाशा हवा म्हणून फक्त रत्नागिरीतल्या एका आर्किटेक्ट बाईंकडे गेलो. बाई जागा बघायला आल्या. मला काही विचारायचं सोडून माझ्या आईशीच अर्धा तास बोलत बसल्या. सकाळी उठल्यावर कुठे जाता, दिवसातून किती वेळा अंगणात, खळ्यात उतरता, गुडघे कधीपासून दुखतात. मला हसू आलं. त्यांनी जोतं दोन फुटांचं काढलं आणि पायऱ्यांच्या बाजूने एक लांब उतार.

"उतार कशाला? हे काय इस्पितळ आहे?" मी म्हटलं.

"आईंना लागेल," त्या म्हणाल्या.

परवानगी मिळाली आणि नकाशा फायलीत गेला. मला जोतं उंच हवं होतं. का? खोटं कशाला बोलू, शेजारी चुलतभावाचं घर होतं म्हणून. मधलं खळं दोघांचं एकच. आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण त्याचं जोतं जेमतेम तीन पायऱ्यांचं आणि माझं घर त्याच्या घराच्या डोक्यावरून दिसायला हवं होतं. गवंड्याला सांगितलं, पाच फूट घे. त्याने हिशेब केला. आठ पायऱ्या झाल्या असत्या तर चढायला बऱ्या, पण सम पायऱ्या आमच्याकडे चालत नाहीत. नऊ केल्या तर खालची तुळशीला भिडते. मग सात. प्रत्येक पायरी वीतभर उंच. "झकास दिसेल," गवंडी म्हणाला, आणि दिसलंही झकास. वास्तुशांतीला लोक मान वर करून बघत होते. माझी छाती फुगली होती.

पहिल्या वर्षी आई दिवसातून दोनदा उतरायची. मग एकदा. मग बसून, हात टेकत, एकेक पायरी सरकत. ते बघवायचं नाही, म्हणून मीच ओरडलो, "वरच बस ना गप! काय हवं ते आणून देतो." चांगुलपणा वाटला मला तो माझा.

वर बसून ती काय करणार? तिचं सगळं खळ्यात. कोकमाची सोलं वाळवणं, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हाक मारणं, मासेवालीची पाटी उतरवून घेऊन कल्ले उघडून बघणं. मासेवाली सात पायऱ्या कशाला चढतेय? खालूनच ओरडायची, "काकी, बांगडे हायत!" मी जाऊन आणायचो. आई हातात घेऊन म्हणायची, "कालचा हाय रे." एवढंच. हळूहळू तेही बोलायची थांबली. जेवण टाकायला लागली. दिवसभर पडवीच्या गजांना धरून खाली बघत बसायची आणि मी तिची नजर टाळत घरात फिरायचो.

शेवटी लाज गिळून बाईंना बोलावलं. म्हटलं, तो उतार आता करून द्या. त्यांनी टेप लावली, दोनदा मोजलं. पाच फूट उतरायचं तर साठ फूट लांबी लागेल, आणि खळं सगळं मिळून तीस फूट. "दोन फुटांना जागा होती," त्या हळूच म्हणाल्या. चार खरमरीत शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. चहा घेऊन गेल्या बिचाऱ्या.

त्या रविवारी आई मला म्हणाली, "मला त्याच्याकडं ठेव."

"कुणाकडे?"

तिने चुलतभावाच्या घराकडे हात केला. "तुझं घर चांगलं हाय. माझेच मेले गुडघे खराब. पन मला खाली जायाचाय रे."

मी विचारायला गेलो. त्याने लगेच आपल्या पडवीतली खाट झटकली, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला खुर्चीत बसवून सात पायऱ्या उतरवलं. दुसऱ्या दिवशी ती खळ्यात बसून मासेवालीशी कडाकडा भांडत होती. मी वरून ऐकत होतो आणि रडत होतो.

दोन पावसाळे ती तिथे राहिली. गेली तीही तिथेच, त्याच्या पडवीत. माणसं जमली तेव्हा कुणीतरी जाणतं म्हणालं, हक्काचं घर तिचं ते आहे, आधी तिथे न्या, मग पुढचं. चौघे उठले, माझ्या पायऱ्यांशी गेले आणि मान वर करून थांबले. चुलतभाऊ माझ्याकडे बघत होता.

"नको," मी म्हटलं. "आता वर नका नेऊ तिला."