रिकामा कोपरा

प्रयोगशाळेतला उंदीर पेटीत फिरतो तेव्हा त्याच्या मेंदूतल्या कुठल्या पेशी ठिपक्यांसारख्या उजळतात, हे संगणकावर जुळवून पाहणं माझं काम. प्रत्येक चित्रफितीच्या सुरुवातीला सुनंदाबाईंचा हात दिसतो. उंदरांची देखभाल त्याच करतात. आमचा प्रोग्राम त्यांच्या बोटांनाच उंदीर समजतो, म्हणून तेवढा भाग मी न बघताच कापून टाकतो. काल कापायचा राहिला. उंदीर तळहातावरून उतरायलाच तयार नव्हता, आणि बाईंचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

"काय बोलता हो त्याला?" मी त्यांना विचारलं.

त्या ओशाळल्या. "लेकीला बालवाडीत सोडताना बोलायचे, तेच. जा, मी इथंच उभी आहे."

आपल्यालाही कुणीतरी असंच हातावरून खाली उतरवलेलं असतं. मागे वळून वळून बघतच आपण पुढे जायला शिकतो.

मग मी ती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. उंदीर पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्याशी येत होता. तिथे आला की त्याच्या मेंदूतले ठिपके उजळत होते, आणि त्या कोपऱ्यावर सुनंदाबाईंची सावली पडलेली होती.

माझ्या तक्त्यात त्या कोपऱ्यापुढे मी आजवर 'रिकामा' असंच लिहीत आलो होतो.